चार स्लॉट भरले आणि संगणक डळमळू लागला : रॅम वाढवल्यानंतर येणाऱ्या चुकांचा शोध

उजळणी (धागालेखक)

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपमध्ये गेले दीड वर्ष १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक होत्या आणि एक्स्पो प्रोफाइल (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी तयार मांडणी) चालू ठेवून त्या ६००० च्या वेगाने कोणतीही कुरकुर न करता चालत होत्या. प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला आहे. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून त्यांचे तुकडे जोडण्याचे आणि डाग पुसण्याचे काम वाढले तसे ३२ जीबी अपुरे पडू लागले, म्हणून त्याच कंपनीची, त्याच मॉडेल क्रमांकाची आणखी एक जोडी आणून मी रिकाम्या दोन स्लॉटमध्ये बसवली. पाकिटावरचा एकूण एक आकडा जुन्या जोडीशी जुळत होता, त्यामुळे काही अडचण येईल असे माझ्या मनातही आले नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळाच राहिला. दोन मिनिटे वाट पाहून मी बटण दाबून संगणक बंद केला, पुन्हा चालू केला, आणि तिसऱ्या खेपेस विंडोज सुरू होऊन ६४ जीबी दिसले. त्याच संध्याकाळी ब्राउझरचे टॅब एकामागून एक कोसळले. दुसऱ्या दिवशी निळा पडदा आला, त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे लिहिले होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा आला, पण या वेळी त्यावर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हे शब्द होते. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी मी चालवली, तिने कोणताही दोष नसल्याचे सांगितले.

मला खरी काळजी वेगळीच आहे. स्कॅनचा एक मोठा फोल्डर झिप करून लगेच तपासला, तेव्हा आतल्या एका फाइलचा सीआरसी (मजकूर बदललेला नाही ना हे पडताळणारा आकडा) जुळला नाही. तोच फोल्डर पुन्हा झिप केला, तर ती फाइल व्यवस्थित निघाली आणि दुसरीच एक नापास झाली. दोष डिस्कमध्ये आहे की रॅममध्ये, आणि शोध कुठून सुरू करावा, हे कृपया सांगावे.

रात्रपाळी

सर्वांत आधी आपोआप चालणारा बॅकअप थांबवा आणि क्लाउडशी होणारे सिंक बंद करा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बिघडलेल्या मेमरीतून गेलेली फाइल बॅकअपमधल्या चांगल्या प्रतीच्या जागी जाऊन बसते आणि त्या वेळी कोणीही तुम्हाला सावध करत नाही. निळा पडदा निदान दिसतो तरी; फाइलमध्ये बदललेला एक बिट महिनोन्‌महिने दिसत नाही. दोष सापडेपर्यंत या यंत्रावर नवीन स्कॅन करू नका, आणि बायोसही (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करू नका, कारण ते मध्येच अडखळले तर मदरबोर्ड सुरू होईनासा होऊ शकतो.

तुमच्या झिपच्या अनुभवातच अर्धे उत्तर आहे. डिस्कवरची जागा खराब असती तर बहुधा प्रत्येक वेळी तीच फाइल नापास झाली असती, आणि डिस्कने वाचताना चूकही दाखवली असती. दर वेळी निराळी फाइल बिघडते, याचा अर्थ डिस्कवरचा मजकूर शाबूत असून तो मेमरीत आल्यावर बदलतो आहे. निळ्या पडद्यावरचे नावही दर वेळी बदलते आहे, ही दुसरी खूण. ड्रायव्हरचा दोष असता तर तो साधारणपणे एकाच ठिकाणी आणि एकाच नावाने परत परत समोर आला असता.

विंडोजच्या चाचणीवर मी विसंबणार नाही. ती नेहमीच्या पद्धतीने चालवली तर थोड्याच वेळात संपते आणि काठावरची, म्हणजे बहुतेक वेळा बरोबर पण अधूनमधून चुकणारी मेमरी तिच्या हातून सहज निसटते. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम घ्या आणि संगणक त्यावरून सुरू करा. कार्यप्रणाली चालू नसल्यामुळे जवळजवळ सगळी मेमरी तपासली जाते. ६४ जीबीची एक फेरी पूर्ण व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून रात्रभर चालू ठेवावी. एक जरी चूक दिसली तरी तो संच नापास समजावा. ‘लाखो वाचनांत एकच चूक’ हा हिशेब इथे चालत नाही.

क्रम असा ठेवा. आधी चारही स्टिक तशाच ठेवून एक्स्पो बंद करा आणि चाचणी घ्या. मग फक्त जुनी जोडी, त्यानंतर फक्त नवी जोडी, दोन्ही वेळा एक्स्पो चालू ठेवून आणि दोन्ही वेळा त्याच दोन स्लॉटमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निकाल कागदावर लिहून ठेवा. तिसऱ्या रात्री कोणती जोडी कोणत्या स्लॉटमध्ये होती हे आठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

पानगळ

रॅमची सोनेरी पट्टी खोडरबराने घासून पाहावी. माझ्या जुन्या संगणकाला त्याने लगेच गुण आला होता.

सोल्डरगन

पानगळ, संपर्क नीट नसण्याची शंका रास्त आहे, पण खोडरबर नको. त्यात बारीक खरखरीत कण असतात, ते सोन्याचा पातळ मुलामा घासून टाकतात आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. नवी स्टिक मुळात स्वच्छच असते. संशय असेलच तर धागे न सुटणाऱ्या कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. बऱ्याचदा पुसल्याने नव्हे, तर काढून पुन्हा नीट दाबून बसवल्यानेच फरक पडलेला असतो. हल्ली अनेक मदरबोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला कुलूप असते, त्यामुळे ते टोक ‘खट’ असे बसते आणि दुसरे किंचित वर राहिलेले लक्षात येत नाही. दोन्ही टोके सारख्या उंचीवर आहेत का, हे डोळे स्लॉटच्या पातळीला आणून पाहावे. त्याआधी पॉवर सप्लायची कळ बंद करून वायर काढावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्यावी.

उजळणी, तुम्ही पहिल्यांदा चालू केल्यावर जो काळा पडदा पाहिलात तो बिघाड नसावा. डीडीआर५ मध्ये स्टिक बदलल्यानंतर मदरबोर्ड प्रत्येक तारेवर संकेत कोणत्या क्षणी वाचायचा हे चाचपून ठरवतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. चार स्टिक असल्या की त्याला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीही येत नाही. तुम्ही ते मध्येच तोडले. पुढच्या वेळी पंधरा मिनिटे तरी हात लावू नका. बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ असा पर्याय दिसला, तर शोध चालू असेपर्यंत तो बंद ठेवा. तो चालू असला की मदरबोर्ड मागच्या वेळचे निकाल जसेच्या तसे वापरतो, आणि आपण नवी मांडणी तपासत आहोत असे समजून जुनीच तपासत बसतो.

उजळणी

सर्वांचे मनापासून आभार. बॅकअप लगेच बंद केला. चार रात्रींचे निकाल कागदावरून उतरवून देतो.

पहिल्या रात्री चारही स्टिक, एक्स्पो बंद. मदरबोर्डने स्वतःहून ३६०० चा वेग धरला. दोन पूर्ण फेऱ्या झाल्या, चूक शून्य. दुसऱ्या रात्री फक्त जुनी जोडी ६०००ला, चूक शून्य. तिसऱ्या रात्री फक्त नवी जोडी त्याच स्लॉटमध्ये ६०००ला, चूक शून्य. चौथ्या रात्री चारही स्टिक आणि एक्स्पो चालू. मी खुर्चीवरून उठण्याआधीच पडद्यावर लाल ओळी सरकू लागल्या आणि सहा मिनिटांत त्यांची मोजदाद करणे अशक्य झाले. त्या ओळींतले पत्ते एका जागी नव्हते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत विखुरलेले होते, आणि चुकलेला बिटही दर वेळी निराळा होता.

आता माझा गोंधळ वाढला आहे. दोन्ही जोड्या निर्दोष, चारही स्लॉट निर्दोष, आणि तरीही सगळे एकत्र आले की बिघडते. नवी जोडी सदोष म्हणून परत करावी, तर ती एकटी असताना उत्तम चालते.

सोल्डरगन

तुमच्या निकालाइतका स्पष्ट निकाल क्वचित मिळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एखाद्या चिपमधली पेशीच मेली असेल, तर चुका सहसा त्याच त्या पत्त्यावर आणि त्याच बिटवर येतात, आणि वेग कमी केला तरी त्या बहुधा जात नाहीत. तुमच्याकडे चुका सर्वत्र विखुरल्या आहेत आणि ३६००ला त्या नाहीशा होतात. म्हणजे साठवण ठीक आहे. प्रोसेसर आणि स्टिक यांच्यामधल्या वाटेवर मजकूर बिघडतो आहे.

ती वाट कशी आहे ते पाहा. स्लॉट चार असले तरी प्रोसेसरकडून मेमरीचे चॅनेल दोनच निघतात, आणि प्रत्येक चॅनेलवर दोन स्लॉट असतात. बहुतेक आधुनिक मदरबोर्डांवर ही जोडणी माळेसारखी असते: तांब्याची रेघ आधी जवळच्या स्लॉटला स्पर्श करते आणि पुढे दूरच्या स्लॉटला जाऊन संपते. दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात असे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, ते याचसाठी. तसे केले की संकेत रेघेच्या टोकाला जाऊन थांबतो. उलट जवळचा स्लॉट भरून दूरचा रिकामा ठेवला, तर पुढे लोंबणाऱ्या मोकळ्या तुकड्यावरून संकेत परावर्तित होऊन मागे येतो. तुम्ही चारही स्लॉट भरले तेव्हा एकाच रेघेवर दोन ठिकाणी भार आला. प्रत्येक स्टिककडून संकेताचा थोडा अंश परत फिरतो आणि पुढच्या बिटमध्ये मिसळतो.

वेगाचा संबंध इथे येतो. ६००० म्हणजे प्रत्येक तारेवर सेकंदाला ६०० कोटी बिट, म्हणजे एका बिटच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद. मदरबोर्डवरच्या रेघेतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो, म्हणजे ६०००ला एक बिट तारेवर जेमतेम अडीच सेंटीमीटर जागा व्यापतो. शेजारच्या स्लॉटवरून परत आलेला प्रतिध्वनी किती सहज पुढच्या बिटवर पडत असेल, हे यावरून लक्षात येईल. ३६००ला त्याच बिटला २७८ पिकोसेकंद मिळतात. प्रतिध्वनी तेव्हाही असतोच, पण तो विरून संकेत स्थिर होईपर्यंत वाचण्याचा क्षण यायचा असतो.

मदरबोर्डने ३६०० हा आकडा हवेतून काढलेला नाही. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० हीच अधिकृत मर्यादा दिलेली आहे. त्यापुढचे सगळे ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवण्यात मोडते, आणि एक्स्पो प्रोफाइल हेदेखील ओव्हरक्लॉकिंगच आहे, जरी ते एका कळीवर होत असले तरी. इंटेलच्या १२व्या आणि १३व्या पिढीतही चार स्टिकसाठी दिलेला वेग दोन स्टिकपेक्षा कमीच आहे. पाकिटावरचे ६००० हे त्या पाकिटातल्या दोन स्टिकनी एकत्र गाठलेले असते, चौघींनी नव्हे.

शून्यएक

सोल्डरगन यांच्या लेखनात एक भर. मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतल्या चिप त्याच असतात असे नाही. स्टिक विकणारी कंपनी उत्पादनाच्या मधल्या काळात दुसऱ्या कारखान्याच्या चिप वापरू शकते, आणि लेबलवर फक्त एखादे आवृत्तीचे अक्षर बदलते. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या एसपीडी या पानावर एकेक स्लॉट निवडून चिप कोणी बनवली ते पाहता येते. दोन जोड्या वेगळ्या निघाल्या, तर मुख्य टायमिंग (मेमरीच्या प्रत्येक क्रियेला दिलेला वेळ) सारखी असूनही आतली दुय्यम टायमिंग एकीला मानवते आणि दुसरीला मानवत नाही, असे होऊ शकते.

डीडीआर५ मध्ये चिपच्या आतच चूक दुरुस्त करण्याची सोय आहे, म्हणून अशी मेमरी सुरक्षित असते, असे बरेच जण समजतात. ती सोय फक्त चिपच्या आत साठवलेल्या मजकुरापुरती आहे. चिपमधून बाहेर पडून तारेवर निघालेल्या बिटला तिचे संरक्षण नाही, आणि तुमच्या चुका नेमक्या त्या तारेवर होत आहेत. संपूर्ण वाटेवर पहारा हवा असेल तर खऱ्या ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या) स्टिक, आणि त्या मानणारा मदरबोर्ड, हाच मार्ग आहे.

उजळणी

पाहिले. जुन्या जोडीवर एका कंपनीच्या चिप आहेत, नवीवर दुसऱ्याच. पाकिटांचे फोटो शेजारी ठेवून पाहिल्यावर लेबलच्या कोपऱ्यात एका अक्षराचा फरक सापडला. खरेदी करताना तो मला दिसणे शक्यच नव्हते.

आता प्रश्न असा, की ३६०० आणि ६००० यांच्यामध्ये कुठेतरी थांबता येईल का? व्होल्टेज वाढवून ६००० टिकवावे असे एकाने मला सुचवले आहे.

रात्रपाळी

मध्ये थांबता येईल, पण खालून वर चढा. वरून खाली उतरताना माणूस पहिल्या ‘चालले बुवा’ वर समाधान मानतो, आणि ती जागा बहुधा काठावरची असते. ४८०० पासून सुरुवात करा, टायमिंग सैल ठेवा आणि एक पायरी चढल्यावर पूर्ण रात्र द्या.

व्होल्टेजबाबत जपून. स्टिकचे व्होल्टेज एक्स्पोमध्ये बहुधा आधीच १.३५ किंवा त्याच्या आसपास असते, तर डीडीआर५ चे मूळ प्रमाण १.१ आहे. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारे एसओसी व्होल्टेज हा आणखी नाजूक विषय. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यानंतर एएमडीने बायोसमधून त्यावर १.३० व्होल्टची मर्यादा घातली. चार स्टिकच्या तारांचा भार व्होल्टेज वाढवून नाहीसा होत नाही. ज्या यंत्रावर तुम्ही इतरांच्या जुन्या आठवणी जपून ठेवता, त्या यंत्रावर हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

चाचणीच्या वेळी कॅबिनेट बंद ठेवा आणि शेवटची चाचणी विंडोजमध्ये, ग्राफिक्स कार्डावर काम देऊन घ्या. मेमटेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड थंड असते, प्रत्यक्ष कामात तसे नसते.

उजळणी

रात्रपाळी यांची शेवटची ओळ मी वाचली नसती तर फसलो असतो. ४८०० स्वच्छ निघाले, ५००० स्वच्छ निघाले, ५२०० ने मेमटेस्टच्या तीन फेऱ्या बिनचूक पूर्ण केल्या आणि मी जवळजवळ तिथेच थांबत होतो. मग कॅबिनेट बंद करून विंडोजमध्ये मेमरीची चाचणी लावली आणि सोबत ग्राफिक्स कार्डावर डाग पुसण्याचे काम चालू केले. पहिले दोन तास काही झाले नाही. तिसऱ्या तासाला एक चूक आली, वीस मिनिटांनी दुसरी. मधल्या दोन स्टिकचे तापमान बाहेरच्या दोघींपेक्षा बरेच जास्त दिसत होते. कॅबिनेटचे झाकण काढून समोर पंखा ठेवला, तर तेच ५२०० रात्रभर चालले.

सोल्डरगन

हे अगदी अपेक्षित आहे. रॅमची प्रत्येक पेशी म्हणजे गळणारा इवलासा धारित्र असतो. डीडीआर५ मध्ये तो प्रत्येक ३२ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि तापमान वाढले की गळती वाढते. ८५ अंश सेल्सिअसच्या पुढे तर दुप्पट वेळा भरावे लागते. त्यात डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर स्वतःचा व्होल्टेज नियंत्रक असतो, तोही तापतो. दोन स्टिक असताना मध्ये एक रिकामा स्लॉट हवा खेळवतो, चार झाल्या की मधल्या दोघी कोंडल्या जातात. याचा परिणाम तारेवरच्या वेळेच्या गणितावरही होतो, म्हणून थंड असताना ५२०० काठावर तग धरते आणि तापल्यावर ढळते. ज्या वेगाला झाकण उघडे ठेवावे लागते, तो तुमचा वेग नव्हे.

पानगळ

हे सगळे वाचून मला वाटते की परत करण्याची मुदत असेल तर नवी जोडी परत करावी, जुनी विकावी आणि ३२ जीबीच्या दोन स्टिकची एकच जोडी घ्यावी. चॅनेलमागे एकच स्टिक राहील आणि ६००० बहुधा सुखाने मिळेल.

शून्यएक

पानगळ यांच्याशी सहमत. ३२ जीबीच्या स्टिकवर सामान्यतः दोन्ही बाजूंना चिप असतात, म्हणजे त्या दोन रँकच्या असतात, त्यामुळे भार थोडा वाढतो. तरीही एका चॅनेलवर दोन वेगळ्या स्टिक टांगण्यापेक्षा ते कितीतरी बरे. जो आज नवा संगणक घेत आहे त्याने तरी ‘आता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत डीडीआर५ मध्ये करू नये.

उजळणी

पानगळ, शून्यएक, सल्ला पटला आणि नवीन घेताना मी तेच करीन. परंतु निर्णय घेण्याआधी माझे रोजचे काम दोन्ही मांडण्यांत करून पाहिले. आठ तुकड्यांत स्कॅन केलेली एक मोठी निगेटिव्ह जोडायला ३२ जीबी आणि ६००० वर ३८ मिनिटे लागत होती, कारण मेमरी संपून सगळे एसएसडीवर लिहिले जात होते. ६४ जीबी आणि ४८०० वर तेच काम १४ मिनिटांत झाले. मला जागा हवी होती, वेग नव्हे. त्यामुळे चारही स्टिक ४८००वर ठेवत आहे. ५००० नापास झाले नव्हते, पण ५२०० तापल्यावर ढळलेले पाहिल्यामुळे त्याच्या लगतच्या पायरीवर राहावेसे वाटले नाही. व्होल्टेज मदरबोर्डने ठरवलेले आहे, एक्स्पो बंद आहे. कॅबिनेट बंद करून, ग्राफिक्स कार्डावर काम देऊन २४ तासांची चाचणी झाली, चूक शून्य. झिपचा तोच मोठा फोल्डर दहा वेळा करून तपासला, दहाही वेळा सगळे सीआरसी जुळले.

रात्रपाळी

उत्तम. आता दोन कामे राहिली. विंडोजच्या स्वतःच्या फाइल त्या काळात बिघडलेल्या असू शकतात, म्हणून डीआयएसएम आणि एसएफसी हे दोन्ही आदेश चालवून त्यांची दुरुस्ती करून घ्या. दुसरे काम अधिक कष्टाचे: नवी जोडी बसवल्यापासून एक्स्पो बंद करेपर्यंत जे जे लिहिले गेले, त्यातली प्रत्येक फाइल संशयित धरा. तोपर्यंत बॅकअप सुरू करू नका.

उजळणी

एसएफसीने काही फाइल दुरुस्त केल्याचे सांगितले. दुसऱ्यांदा चालवल्यावर सर्व ठीक आले.

त्या दिवसांतल्या ६१२ फाइल निघाल्या. त्यांपैकी ज्यांची मूळ प्रत स्कॅनरच्या मेमरी कार्डावर शिल्लक होती त्यांचे चेकसम (सीआरसीसारखेच पडताळणीचे आकडे) जुळवून पाहिले, तेव्हा चार जुळल्या नाहीत. तिघींमध्ये डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. चौथी एका लग्नाच्या पंगतीची आहे. तिच्यात वाढणाऱ्या बाईंच्या खांद्यापासून खाली सगळे चित्र दोन बोटे उजवीकडे सरकले आहे आणि रंग हिरवट झाले आहेत. चारही कार्डावरून पुन्हा उतरवल्या. ज्यांची मूळ प्रत कार्डावर उरली नव्हती अशा ४७ निगेटिव्ह पाकिटातून काढून पुन्हा स्कॅन करतो आहे. काल रात्रीपर्यंत १९ झाल्या. त्या संपल्या की चेकसमची यादी फाइलच्या शेजारी ठेवीन आणि मगच बॅकअप चालू करीन.